बॅलरॅट: सोन्याचं गाव कोणत्या क्रमाने पाहावं?

माळरान

मेलबर्नला आई-बाबा आले की ग्रेट ओशन रोड, फिलिप आयलंड आणि मग बॅलरॅट, हा क्रम ठरलेला. त्यातलं बॅलरॅट म्हणजे बहुतेकांच्या लेखी फक्त सॉव्हरिन हिल, १८५० च्या दशकातलं सोन्याचं गाव पुन्हा उभं केलेलं खुलं संग्रहालय. चार वाजेपर्यंत फिरायचं, घोडागाडीत बसायचं, लाल डगलेवाल्या शिपायांबरोबर फोटो काढायचे आणि परत. त्यात वाईट काही नाही, पण मग ते गाव जत्रेसारखं दिसतं आणि जत्रेसारखंच विसरलं जातं.

बॅलरॅटमध्ये एकच प्रश्न धरून फिरा: सोनं किती खोल होतं? कोण श्रीमंत झालं, १८५४ मध्ये गोळीबार का झाला, लिडियर्ड स्ट्रीटवर इतक्या बँका आणि हॉटेलं कुठून आली, या सगळ्याचा उगम त्या खोलीत आहे.

ऑगस्ट १८५१ मध्ये इथल्या पॉव्हर्टी पॉइंटला सोनं सापडलं. जमीन मूळची वाडावुरुंग लोकांची. सुरुवातीचं सोनं ओढ्याकाठच्या वाळूत अगदी वर होतं. फावडं, थाळी आणि दोन धट्टी माणसं एवढ्या भांडवलावर काम चालायचं. ते संपत आल्यावर लोक खाली गेले, तेव्हा कळलं की मोठा साठा फार पूर्वी गाडल्या गेलेल्या नद्यांच्या तळाशी आहे. गावाच्या पश्चिमेकडे तर त्या नद्यांवर बेसॉल्टचे जाड थर बसलेले. आता विहिरीसारखी खोल खाण, तिला लाकडाचं अस्तर, पाणी उपसायला पंप, पंपाला वाफेचं इंजिन. म्हणजेच कंपनी, भागधारक आणि कर्ज. शेवटचा टप्पा गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरांचा: दगड फोडून, कुटून त्यातून सोनं काढायचं.

सॉव्हरिन हिलमध्ये (१९७० पासून सुरू) हे तिन्ही टप्पे आहेत, पण प्रवेशद्वारातून आत गेलेली गर्दी आधी मेन स्ट्रीटवरच्या दुकानांत अडकते. दहाला आत शिरलात की थेट खाली ओढ्यावर जा. अकरानंतर तिथे शाळांच्या सहली आणि टूरच्या बसा येतात आणि पाणी गढूळ होतं. ओढ्यानंतर खाण, मग वरची वाफेची इंजिनं आणि दगड कुटणारे मुसळांचे यंत्र, मग सोन्याचा रस ओतण्याचं प्रात्यक्षिक, आणि दुकानं सगळ्यात शेवटी. मार्गदर्शकासह खाणीत उतरायच्या वेळा ठरलेल्या असतात. आत शिरतानाच त्या दिवसाचं वेळापत्रक घ्या आणि खाणीची वेळ पक्की करा, बाकीचं तिच्याभोवती बसवता येतं.

---

झोळीवाला

क्रम पटला. ओढ्यावर थाळी कशी धुवायची हे लिहितो, कारण दहातले आठ जण चुकीचं धुतात आणि 'इथे काही नसतं' म्हणत उठतात. ओढ्यात खरं सोनं असतं. व्यवस्थापनच ते बारीक कणांच्या रूपात वेळोवेळी टाकतं, त्यामुळे मिळण्याची शक्यता चांगली. पण कण मोहरीपेक्षा लहान असतात, ही अपेक्षा धरून बसा.

तत्त्व सोपं आहे. सोन्याची घनता १९.३, गारेच्या वाळूची २.६५, लोहखनिजाच्या काळ्या वाळूची ५ च्या आसपास. पाण्यात हलवलं की सोनं तळ गाठतं. तांदूळ रोळताना खडे मागे राहतात आणि तांदूळ पुढे जातो, तीच क्रिया, फक्त इथे मागे राहिलेलं आपलं.

वाळू वरवरची घेऊ नका. दिवसभर लोक तिथे ढवळत असतात, सोनं केव्हाच खाली गेलेलं असतं. फावडं तळाच्या घट्ट थरापर्यंत न्या, मोठ्या दगडाच्या आडोशाची किंवा वळणाच्या आतल्या बाजूची वाळू घ्या. थाळी अर्धी, फार तर दोन तृतीयांश भरा. पूर्ण भरलेली थाळी हलतच नाही.

मग थाळी पाण्याखाली धरून चिखलाची ढेकळं बोटांनी पूर्ण फोडा. याला दोन-तीन मिनिटं लागतात आणि इथेच लोक कंटाळतात. न फुटलेलं ढेकूळ थाळीत लोळत जातं, सोन्याचे कण चिकटवून घेतं आणि कडेवरून बाहेर पडतं. मोठे खडे पाण्यात चोळूनच टाका.

आता थाळी सपाट धरून, पाण्याखालीच, डावी-उजवीकडे जोरात हलवा. पंधरा-वीस सेकंद. यात जड माल खाली बसतो. त्यानंतर पुढची कड किंचित खाली करून पाणी आत-बाहेर होऊ द्या, म्हणजे वरची हलकी वाळू निघून जाते. थाळीला आतून खाचा असतील तर त्या पलीकडच्या बाजूला ठेवा, त्या सोनं अडवतात. तीन-चार वेळा वाळू सोडली की परत सपाट करून हलवा. हे 'परत हलवा' विसरतात, त्यामुळे शेवटी तळाचं सोनंही वाळूबरोबर जातं. तसंच थाळी फार तिरकी केली तर सगळंच वाहून जातं.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरेल. त्यात अगदी थोडं पाणी ठेवून थाळी हळू गोल फिरवा. वाळू पंख्यासारखी पसरते आणि सोनं मागे, कडेला रेघेत राहतं. कोरड्या बोटाचं टोक कणावर दाबा, कण चिकटतो, ते बोट पाण्याने भरलेल्या कुपीच्या तोंडाला लावा, कण खाली पडतो. कुप्या तिथेच विकत मिळतात.

---

निशिगंध

मस्त माहिती. अभ्रक आणि सोनं ओळखायचं कसं? मुलं प्रत्येक चमकीला 'सापडलं' म्हणून ओरडतात.

---

झोळीवाला

थाळीवर स्वतःची सावली पाडा. अभ्रक उन्हातच चमकतं, सावलीत मरतं. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं. शिवाय अभ्रकाचा पापुद्रा पाण्याबरोबर तरंगत फिरतो, सोनं हलत नाही. शंका असेल तर टाचणीने दाबा: सोन्याला खळगा पडतो, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणाऱ्या खनिजाचा) भुगा होतो.

आणि मुलांच्या हाताला सनस्क्रीन लावलेलं असेल तर आधी धुवा. तेलकट पाण्यात अगदी बारीक सोनं पृष्ठभागावर तरंगतं आणि निघून जातं. मुरलेले लोक थाळीत भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतात तो याचसाठी.

---

तिरफळ

ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांसाठी, कारण हा प्रश्न येणारच आहे.

जागा टेकडीच्या उतारावर आहे. ओढा तळाला, प्रवेश आणि खाण वर. रस्ते खडीचे आणि मातीचे, तेही १८५० च्या दशकासारखे ठेवलेले. गुडघे दुखत असतील तर ओढ्यावर एकदाच उतरवा आणि वर आणल्यावर परत खाली नेऊ नका. माळरानने दिलेला क्रम यासाठीही बरा, कारण चढ सकाळी, ताजेतवाने असताना होतो. चप्पल नको, बूट हवेत. पावसानंतर चिखल होतो. साड्यांना त्या मातीचा लाल-पिवळा डाग लागतो, तो सहज जात नाही.

रेड हिल माइन ही स्वतःच फिरायची खाण पायऱ्यांची आहे. मार्गदर्शकासह जाणाऱ्या फेरीत उतरत्या रुळांवरच्या गाडीतून खाली नेतात. गाडी अंधारातून जाते आणि काही क्षण मिट्ट काळोख असतो. बंद जागेची भीती असणाऱ्यांना आधी सांगा. लहान मुलं नेमकी तिथेच रडतात.

थंडी हा खरा मुद्दा आहे. बॅलरॅट समुद्रसपाटीपासून ४३५ मीटरच्या आसपास, मेलबर्नपेक्षा स्पष्टपणे गार. जून-जुलैमध्ये दुपारीही पारा दहाच्या आसपास आणि वर वारा. संध्याकाळी कार्यक्रम असेल आणि तो पाहणार असाल तर कानटोपी आणि पायमोजे जास्तीचे. खाणीत मात्र बाराही महिने तापमान जवळपास सारखंच.

शाकाहारी खाणं आत मिळतं पण निवड थोडी. बेकरीत पाय आणि केक यांचंच राज्य. डबा सोबत नेऊन बाकांवर बसून खाता येतं, त्यामुळे ठेपले-पोळी-भाजीवाले सुखी. मिठाईच्या दुकानात साखरेच्या पाकाच्या गोळ्या कशा करतात ते दाखवतात. ते नक्की पाहा: पाक किती कडक झाला की तो ओढायचा, रंग कधी घालायचा, रोलरमधून काढल्यावर गोळ्या कशा मोडायच्या, सगळं समोर. आपल्याकडच्या आयांना खाणीपेक्षा हेच जास्त आवडतं, आणि त्या पाकाच्या तारेवर टिप्पणीही करतात :)

---

सह्यकडा

रेड हिल माइनबद्दल दोन ओळी. तिथे 'वेलकम नगेट' या सोन्याच्या गोळ्याची गोष्ट दाखवतात. ९ जून १८५८, बेकरी हिल, सुमारे १८० फूट खोल, २२ कॉर्निश खाणकामगारांची कंपनी. वजन २,२१७ ट्रॉय औंस, म्हणजे जवळजवळ ६९ किलो. सराफाच्या आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने ६,९०० तोळे. १८५९ मध्ये लंडनला वितळवून टाकला, त्यामुळे जगात कुठेही दिसतो तो साचाच.

मराठी ब्लॉगांवर आणि व्हिडिओंमध्ये याची 'वेलकम स्ट्रेंजर'शी सरमिसळ होते. स्ट्रेंजर हा गोळा १८६९ चा, मोलियागुल गावचा, आणि जमिनीखाली काही सेंटीमीटरवरच सापडलेला. तो मोठा, पण बॅलरॅटचा नाही. माळरानच्या खोलीच्या मुद्द्यासाठी ही जोडी छान आहे: एक झाडाच्या मुळाशी, दुसरा १८० फुटांवर आणि त्यासाठी २२ जणांची भागीदारी.

---

काळाकातळ

थोडं मोडता घालतो. सॉव्हरिन हिलमधले बोगदे पर्यटकांसाठी तयार केलेले आहेत, आणि तिथल्या मार्गदर्शकाला विचारलं तर तो ते लपवत नाही. खरी खाण पाहायची असेल तर बेंडिगोची सेंट्रल डेबोरा. १९३९ ते १९५४ चालू होती, १७ पातळ्या, ४१२ मीटर खोल, जवळपास एक टन सोनं निघालं. पिंजऱ्यातून ६१ मीटरवर नेतात, जास्त खोल जाणाऱ्या फेऱ्याही आहेत. त्यात हेल्मेट, दिवा, बूट, सगळं घालायला देतात. भिंतीवर गारेची शीर खरी, पाण्याचा ठिबकाही खरा.

बेंडिगोत बोनस म्हणून गोल्डन ड्रॅगन संग्रहालय आहे, आणि ट्रामही. बॅलरॅटहून मोटारीने दीड तास.

---

माळरान

काळाकातळ, खाणीपुरतं मान्य. पण एका दिवसात एकच गाव होतं, आणि दहा वर्षांखालच्या मुलांना बेंडिगोच्या खोल फेऱ्यांपेक्षा इथला ओढा जास्त पुरतो. मोठी मुलं आणि इंजिनिअर पाहुणे असतील तर बेंडिगो. शिवाय गारेची शीर, वाफेचं इंजिन, मुसळं आणि त्यातून निघालेलं सोनं हा सगळा मार्ग चालत्या यंत्रांसह एका जागी इथे दिसतो. मुसळांच्या यंत्रापाशी उभे राहा आणि खालचा तांब्याचा पत्रा पाहा. त्यावर पारा लावत. कुटलेल्या दगडाचा गाळ पाण्याबरोबर त्यावरून वाहायचा, सोनं पाऱ्याला चिकटायचं, मग खरवडून ते मिश्रण भट्टीत तापवलं की पारा उडून जायचा आणि सोनं उरायचं. यंत्र चालू असेल तेव्हा शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. अशी शेकडो मुसळं रात्रंदिवस चालत होती हे डोक्यात ठेवून गावाकडे बघा.

रस ओतण्याच्या प्रात्यक्षिकाला दहा मिनिटं आधी जाऊन पुढे बसा. सोनं १०६४ अंशांना वितळतं, मूस उचलल्यावर रंग पिवळा नाही, नारिंगी-पांढरा दिसतो. तीच वीट परत परत वितळवतात.

आता युरेका, म्हणजे १८५४ चा तो गोळीबार, कारण खोलीचा खरा हिशेब तिथे लागतो. खोदण्याचा परवाना सुरुवातीला महिन्याला ३० शिलिंग होता (१८५४ पर्यंत थोडा उतरला होता), सोनं मिळो न मिळो. ओढ्याकाठी वरवर खोदणाऱ्याला ते जड पण शक्य होतं. युरेकाच्या पट्ट्यात मात्र शंभर फुटांच्या खाली जायला महिने लागत, तोपर्यंत हातात दमडी नाही आणि परवान्याचा खर्च चालूच. वर पोलीस अचानक छापे घालायचे. छापा दिसला की एकमेकांना सावध करायला 'जो! जो!' अशी आरोळी जाई, लेफ्टनंट-गव्हर्नर चार्ल्स जोसेफ लाट्रोब यांच्या नावावरून.

ऑक्टोबर १८५४ मध्ये जेम्स स्कोबी हा खोदकामगार बेंटलीच्या युरेका हॉटेलपाशी मारला गेला, हॉटेलवाला सुटला, चिडलेल्या जमावाने १७ ऑक्टोबरला हॉटेल जाळलं. २९ नोव्हेंबरला बेकरी हिलवर निळा-पांढरा झेंडा चढला, परवाने जाळले गेले. ३ डिसेंबरच्या पहाटे सरकारी तुकडीने खोदकामगारांच्या लाकडी कोटावर हल्ला केला. चकमक अर्धा तासही चालली नाही. किमान २२ खोदकामगार मेले. पुढारी पीटर लेलरचा डावा हात गेला. राजद्रोहाचे १३ खटले मेलबर्नला चालले, सगळे निर्दोष. पुढच्या वर्षी परवाना जाऊन वर्षाला एक पौंडाचा 'मायनर्स राइट' (खोदण्याचा हक्क) आला, त्यासोबत मताचा हक्क, आणि तोच लेलर विधिमंडळात गेला, पुढे सभापती झाला.

मूळ झेंडा युरेका सेंटरला आहे, सॉव्हरिन हिलहून गाडीने काही मिनिटं. लोकांनी आठवण म्हणून तुकडे कापून नेल्यामुळे जवळपास तीस टक्के कापड गायब आहे. जपणुकीसाठी दालनात उजेड मंद ठेवलेला असतो. आत गेल्यावर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावले की शिलाई दिसायला लागते. फ्लॅश चालत नाही. मला विचाराल तर वेळ कमी असेल तर संध्याकाळचा कार्यक्रम सोडा, हे नको.

---

निशिगंध

सॉव्हरिन हिलच्या चिनी वस्तीबद्दल कुणीच लिहिलं नाही?

---

सह्यकडा

बहुतेक लोक तिथून न थांबता जातात म्हणूनच असेल. ओढ्याच्या वरच आहे, तंबू, दुकान आणि छोटं मंदिर. १८५५ मध्ये व्हिक्टोरियाने प्रत्येक चिनी प्रवाशामागे १० पौंड कर लावला आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी माणूस अशी मर्यादा घातली. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियात रोब बंदरावर लोकांना उतरवू लागली आणि तिथून ते शेकडो किलोमीटर चालत सोन्याच्या भागात आले. इतरांनी सोडून दिलेल्या जुन्या खड्ड्यांची माती पुन्हा धुऊन त्यांनी सोनं काढलं. या पार्श्वभूमीवर ती वस्ती पाहिली तर पंधरा मिनिटं सहज जातात.

---

तिरफळ

गावातल्या बाकीच्या गोष्टी पटापट.

लिडियर्ड स्ट्रीट: रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच. माइनिंग एक्स्चेंज, हर मॅजेस्टीज थिएटर (१८७५), क्रेग्ज हॉटेल. एक्स्चेंज बांधण्याआधी खाणींच्या शेअरचे सौदे स्टर्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, फुटपाथवर उभ्या उभ्या व्हायचे. खोल खाणींना लागलेलं भांडवल कुठून आलं, त्याचं उत्तर हा रस्ता.

आर्ट गॅलरी: स्थापना १८८४, त्याच रस्त्यावर. कायमचा संग्रह फुकट. पाऊस लागला तर हीच जागा.

वेंडुरी तलाव आणि बोटॅनिकल गार्डन: तलावाची फेरी ६ किलोमीटर, सपाट. १९५६ च्या ऑलिंपिकची नौकानयन (रोइंग) स्पर्धा इथेच झाली. बागेत पंतप्रधानांचे ब्राँझचे अर्धपुतळे रांगेने. मार्चमध्ये बेगोनियाचा महोत्सव असतो, त्या लाँग वीकेंडला पार्किंग विसरा. जुन्या ट्राम बागेशेजारच्या मूळ रुळांवर शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत चालतात. गावातली ट्रामसेवा १९७१ मध्ये बंद झाली, त्यातला एवढाच तुकडा उरला.

गावाबाहेर पश्चिमेला विजय कमान आणि पुढे २२ किलोमीटर झाडांची रांग, पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या एकेका सैनिकामागे एक झाड, ३,७०० हून जास्त. पैसा मुख्यतः लुकास कपड्यांच्या कारखान्यातल्या मुलींनी उभा केला. खाली उतरायची गरज नाही, गाडीतूनच.

---

काळाकातळ

ओढ्यावर चटक लागून कुणी गावाबाहेर स्वतः खोदायला निघणार असेल तर: व्हिक्टोरियात त्यासाठी आजही 'मायनर्स राइट' लागतो. तोच, १८५५ चा वारस. ऑनलाइन मिळतो, मुदत दहा वर्षं. फक्त हातची अवजारं, यंत्रं नाहीत. राष्ट्रीय उद्यानांत आणि आदिवासी वारशाच्या जागी मनाई किंवा वेगळे नियम, खासगी जमिनीवर मालकाची परवानगी, आणि खड्डा परत बुजवायचा. सापडलेलं सोनं तुमचं.

झुडपांत जुन्या उघड्या विहिरी आहेत, त्यांच्या कडा आतून पोकळ असतात, काठावर उभं राहू नका. आणि जुन्या खाणींजवळ राखाडी, बारीक वाळूचे ढीग दिसतात त्यावर मुलांना खेळू देऊ नका. इथल्या गारेबरोबर आर्सेनिकयुक्त खनिज असतं, दगड कुटल्यावर ते त्या वाळूत राहिलं. हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

---

निशिगंध

गाडी नसेल तर? आणि सोन्याची पाण्याची कुपी विमानात चालते का?

---

माळरान

रेल्वे: मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनहून व्ही-लाइनची गाडी, साधारण दीड तास, मायकी हे प्रवासाचं कार्ड चालतं. मार्च २०२३ पासून प्रादेशिक गाड्यांनाही शहराइतकीच दिवसाची कमाल भाडेमर्यादा आहे, त्यामुळे चौघांच्या कुटुंबालाही परवडतं. स्टेशनपासून सॉव्हरिन हिल तीनेक किलोमीटर, बस आहे पण रविवारी फेऱ्या कमी, चौघे असाल तर टॅक्सी. पहिल्या सकाळच्या गाडीने निघा. रुळांच्या कामामुळे शनिवार-रविवारी गाडीऐवजी बस लावतात आणि वेळ वाढतो, ते आदल्या रात्री पाहून ठेवा. सोमवारी जायचं असेल तर सॉव्हरिन हिल उघडं आहे ना तेही त्यांच्या संकेतस्थळावर तपासा, तिकिटाचा दरही तिथलाच धरा.

कुपी १०० मिलीच्या आतच असते, केबिन बॅगेत इतर द्रवांबरोबर पारदर्शक पिशवीत. चेक-इन बॅगेत टाकलीत तर टोपणावर टेप गुंडाळा. कणांची कुपी चालते, पण ओढ्याची माती-वाळू सोबत भरून आणू नका.